पाटीवरचं समाधान

मिरजेच्या फलाटावर, गाडी सुटायला पाच मिनिटं असताना, आईनं मला खिडकीच्या गजातून सांगितलं, "नव्या गावात महिनाभर कुणाचं काही चुकलं म्हणून बोलायचं नाही. तोंडाला कुलूप लाव, वृंदा." बाबा पाण्याची बाटली घेऊन आले आणि पुन्हा पुन्हा सामान मोजत राहिले. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस सासरी जात नाही म्हणतात, पण माझं तेच चाललं होतं. अजितचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, घर ग्वाल्हेरचं. लग्नानंतर वीस वर्षं तो माझ्या सांगलीत राहिला, आता सासरे गेले, सासूबाईंचे गुडघे धरले, आणि आम्ही निघालो. तो घरी चालला होता आणि मी घर सोडून. एकाच डब्यात, समोरासमोरच्या बाकांवर. गाडी हलली तेव्हा तो हसत होता आणि मला त्याचा मनापासून राग आला.

आईचं कुलूप तीन दिवस टिकलं.

तुम्ही सगळ्याजणी, सांगलीच्या आणि सांगलीतून बंगळूर-दुबईला पांगलेल्या, फोनवरच्या आपल्या गटात विचारत राहिलात, "नवं ऑफिस कसं झालंय? फोटो टाक." मी टाकले. पिवळी भिंत, दोन खुर्च्या, खिडकीतली मनीप्लांट. तुम्ही भरभरून बदाम पाठवलेत. आता खरं सांगते. तो फोटो काढला त्या दिवशी त्या खुर्चीत माझ्याशिवाय कुणीही बसलेलं नव्हतं, आणि पुढे चार महिने बसलं नाही.

तुम्हाला माहीत आहे माझं सांगलीचं समुपदेशनाचं काम कसं होतं. डॉक्टर मैत्रिणीच्या दवाखान्याच्या मागची खोली, पाटी नाही, काही नाही. अकरा वर्षं माणसं एकमेकांच्या कानात सांगून येत होती. "मागच्या दारानं जा, त्या बाई ऐकून घेतात." ते सगळं सोडून इथं यायचं आणि पहिलीपासून सुरुवात करायची, म्हणजे मी घाबरले होते. ग्वाल्हेरात मला सगळे "अजितची बहू" म्हणून ओळखत. इथं माझं काम उभं राहिलं नसतं, तर मी फक्त तेवढीच उरले असते. वाईट काही नाही त्यात, पण मला ते नको होतं. म्हणून मी अजितला सांगितलं, वर्षभर बघते, नाही जमलं तर मी माझी सांगलीला जाऊन येऊन करीन. तो म्हणाला, "पंधराशे किलोमीटर?" मी म्हटलं, "हो, पंधराशे किलोमीटर."

जागा मिळाली सिटी सेंटर भागात, पहिल्या मजल्यावर. एका बाजूला विम्याचं ऑफिस, दुसऱ्या बाजूला स्पर्धा परीक्षांचा क्लास. सासूबाई मुरार भागातल्या आमच्या घरून रिक्षा करून बघायला आल्या, गुडघा धरत जिना चढल्या आणि म्हणाल्या, "जागा तर खूप छान मिळून गेली बेटा तुला. पण इथे देवाचा फोटो कुठे आहे?" मी म्हटलं, आई, इथं सगळ्या धर्मांची माणसं येतील. त्या म्हणाल्या, "तर मग दोन फोटो लाव."

मला ती खोली अशी हवी होती, की आत पाऊल टाकलं की माणसाचे खांदे खाली यावेत. एवढंच. त्यासाठी मी काय काय डोकेफोड केली! दोन सारख्या खुर्च्या हव्या होत्या, मध्ये टेबल नको. सुताराला चित्र काढून दिलं. त्यानं केल्या, सुंदर केल्या, आणि एक दुसरीपेक्षा चार बोटं उंच. मी म्हटलं, भैया, ही उंच का? तो म्हणाला, "मैडम, डॉक्टर की कुर्सी तो ऊँची ही होती है." मी डॉक्टर नाही, हे त्याला सांगितलं. मग तर त्याला माझी काळजीच वाटली. "तब तो और ऊँची रखो." शेवटी मी स्वतः उभी राहून त्या खुर्चीचे पाय कापून घेतले. त्यानं कापले, पण तोंड असं केलं, जणू मी चांगल्या गाईची शिंगं छाटायला लावली.

मग उन्हाळा आला. तुम्ही तिकडे चाळीसला "मेलो गं बाई" म्हणता. इथं चाळीस म्हणजे सकाळचे नऊ. कूलर लावला, मोठा, खिडकीएवढा. खोली गार झाली, पण आवाज असा, की गिरणीत बसल्यासारखं वाटावं. आता कल्पना करा, मी समोरच्याला हळुवारपणे विचारायचं, "तुम्हाला फार एकटं वाटतं का?" आणि ते ओरडून विचारायचं. कूलर बंद केला की घामानं निथळायचं, आणि भिंतीपलीकडून क्लासचे मास्तर ऐकू यायचे, "मध्यप्रदेश का राजकीय पक्षी?" आणि साठ मुलं एका सुरात, "दूधराज!" माझं सारं समुपदेशनशास्त्र त्या दूधराजापुढे आडवं झालं.

बाहेरच्या चिंचोळ्या जागेत, थांबायला म्हणून, मी एकच खुर्ची ठेवली होती. सांगलीत माणूस एकटा यायचा, मान खाली घालून. इथं कुणी एकटं कुठं जातंच नाही. डोळे तपासायला गेलं तरी काका, मामी, शेजारचे गुप्ताजी. पहिल्या आठवड्यात नुसती चौकशी करायला एक कुटुंब आलं, सात माणसं. एक खुर्चीवर, सहा उभी. उभ्या माणसाचे खांदे काय डोंबल खाली येणार? मग बाक केला. बाकावर क्लासची मुलं कचोरी खायला बसू लागली आणि माझ्या टिश्यूंना, जे रडणाऱ्यांसाठी होते, तेलाचे हात पुसू लागली. मी रागावले तर एक मुलगी गोड हसून म्हणाली, "आंटी, कोई रो तो रहा नहीं था." खरंच होतं ते. म्हणून जास्तच लागलं.

पण हे सगळं परवडलं. खरा घोळ मी स्वतःच्या हातानं घातला होता, आणि तो भिंतीवर टांगलेला होता.

मी जागेला नाव दिलं "समाधान". किती विचार करून दिलं होतं! आपल्याकडे जेवून उठलेला पाहुणा पोटावर हात फिरवतो आणि म्हणतो ना, समाधान झालं? ते. वणवण थांबून मन जागेवर येणं, ते. रंगाऱ्यानं पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं आणि मला विचारलं, "मैडम, किस चीज़ का समाधान?" मला वाटलं, काय हा माणूस, केवढा खोल प्रश्न! मी म्हटलं, मन का. तो जरा थांबला आणि म्हणाला, "नीचे जगह छोड़ दी है. समस्या लिखवानी हो तो बता देना."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. प्रकाश पडला तो माणसं यायला लागल्यावर. पहिला आला तो वीजमीटरची तक्रार घेऊन. दुसरीला सून ताब्यात आणायची होती, फोटो आणि नखं घेऊन आली होती, नखं! तिसऱ्यानं विचारलं, किती दिवसांत होईल, गॅरंटी आहे का. हिंदीत समाधान म्हणजे तोडगा, गं बायांनो. उत्तर. निकाल. इथल्या भिंतींवर बाबा-बुवांच्या जाहिराती असतात, प्रेमविवाह, शत्रूनाश, हर समस्या का समाधान, आणि त्यांच्या रांगेत मी, एम.ए. मानसशास्त्र, पिवळी भिंत लावून बसलेली.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले आणि अजितवर तुटून पडले. तू इथला, तुला माहीत होतं ना? तो भाजी निवडत होता. म्हणाला, "माहीत काय असायचंय? मला वाटलं, तुला तेच म्हणायचंय. लोकांचे प्रॉब्लेम सोडवणार तू, तर समाधान." मी म्हटलं, अरे, मराठीत समाधान म्हणजे तृप्ती! तो म्हणाला, "आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत तर नाही."

वीस वर्षं, जेव्हा जेव्हा मी याला म्हटलं की "अजित, मला समाधान वाटत नाही रे," तेव्हा तेव्हा हा माणूस लगेच उठून काहीतरी दुरुस्त करायचा. नळ, कपाटाची बिजागरी, एकदा तर चांगला चालणारा गिझर. मला वाटायचं, हा विषय टाळतो. तो बिचारा समाधान करत होता. हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि त्यानं घाबरून विचारलं, "आता काय झालं? पाटी बदलून टाकू?" हो, म्हटलं, बदल.

रंगारी म्हणाला, पंधरा दिवसांनी येतो. त्या पंधरा दिवसांत जे कुणी तोडगा मागायला आले, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. इतक्या वेळा तेच सांगितलं, की आवाजाला धार आली. "यह वो दफ़्तर नहीं है." एक वाक्य, दार बंद.

त्यातच जाधवकाका आले. नाव बदललंय, आणि हे लिहू का म्हणून त्यांना विचारलंय. मुरारचे, पूर्वज कधीकाळी दख्खनेतून फौजेबरोबर आलेले, स्वतः सरकारी नोकरीतून निवृत्त. इस्त्रीचा शर्ट, काखेत निळी फाईल. दारातच मराठीत बोलले, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. "ताई, माझ्या शेजारच्याची टाकी रोज भरून वाहते आणि पाणी माझ्या भिंतीत उतरतं. पूर्ण प्लास्टर निघून गेलं. मी सगळीकडे आवेदन देऊन राहिलो आहे. तुमच्या बोर्डवर समाधान लिहिलं दिसलं."

मी म्हटलं, काका, इथं अर्ज घेत नाहीत. इथं मनाच्या त्रासाबद्दल बोलतात, नळाच्या नाही. ते एकदम मागं सरले. "अच्छा, दिमागाचं? नाही, नाही. आमच्या घरी तर सगळं ठीक आहे." आणि गेले.

आठवड्यानं परत आले. म्हणाले, जवळच काम होतं. मी म्हटलं, बोला. तर पुन्हा टाकी. या वेळी फोटोही होते, भिंतीचे, पापुद्रे सुटलेले. मी एकही नीट पाहिला नाही. म्हटलं, काका, मागच्या वेळी सांगितलं ना तुम्हाला? ते म्हणाले, "हो, हो. सांगितलं होतं." तिसऱ्यांदा आले तेव्हा मी फोनवर होते. ते बाकावर बसले, क्लासच्या मुलांशेजारी, पाणी प्यायले, ग्लास जागेवर ठेवला आणि निघून गेले. माझ्या मनात आलं ते इतकंच, की सुटले बाई.

फाईल बाकावर राहिली होती.

फोन नंबर सापडेल म्हणून उघडली. अर्जच अर्ज. सुवाच्य हिंदी, प्रत्येक ओळ पट्टीनं आखल्यासारखी. वर लिहिलं होतं, आवेदक अमुक जाधव, आणि खाली वडिलांचं नाव, घराचा नंबर. त्याखाली अनावेदक, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो, तमुक जाधव. वडिलांचं नाव तेच. घराचा नंबरही तोच, फक्त पुढे एकाला क आणि एकाला ख.

भाऊ होता. सख्खा.

तिन्ही वेळा ते पहिलं पान त्यांच्या हातात माझ्यासमोर होतं. सात-आठ अर्ज होते, सहा वर्षांतले, आणि एकातही "भाई" हा शब्द नव्हता. शेजारी, सामनेवाला, अनावेदक. आणि प्रत्येक अर्जाची शेवटची ओळ एकच, अर्जात असते तशी ठरीव, "अतः इस समस्या का समाधान कराने की कृपा करें." मी ती ओळ मराठीतून वाचली आणि मला स्वतःची लाज वाटली. शब्दाचा अर्थ चुकला म्हणून नाही. मी अकरा वर्षं लोकांना ऐकण्याबद्दल व्याख्यानं झोडली होती, आणि इथं एक माणूस तीनदा जिना चढून आला आणि मी त्याला व्याकरण शिकवलं. खुर्चीचे पाय कापून खाली आणले, मी मात्र उंचच बसले होते.

आणखी कितीजणांना परत पाठवलं असेन? त्या वीजमीटरवाल्याचं काय होतं? आणि ती नखं घेऊन आलेली, तिचं? आता कळायचा मार्ग नाही. हे मला अजून छळतं.

फोन लावला. "काका, तुमची फाईल इथं राहिली." पलीकडून, "राहून गेली असेल." नुसतं एवढंच. मी म्हटलं, "न्यायला या, पण घाईत नका येऊ. मला ते टाकीचं सगळं पहिल्यापासून ऐकायचंय." त्यांनी विचारलं, "सगळं?" मी म्हटलं, सगळं.

मंगळवारी चारला आले. त्याच सकाळी रंगारी शिडी घेऊन आला होता. त्याला मी सांगितलं, असू दे तशीच. तो म्हणाला, "मैडम, समस्या मिल गई क्या?"

जाधवकाका खुर्चीत बसले. टेकून नाही, कडेवर. कूलर बंद केला, दोघंही घामाघूम. पलीकडे नद्या आणि त्यांची उगमस्थानं चालली होती. काका सांगत राहिले, टाकी किती वाजता भरते, किती वेळ वाहते, कॉक बसवायचं कबूल कुणी केलं आणि कुणी बसवला नाही. मी मध्ये काही विचारलं नाही. अर्ध्या तासानं "अनावेदक" कधी तरी "तो" झाला, आणि आणखी थोड्या वेळानं "बबलू". आईच्या तेराव्याला बबलू काय बोलला. त्यावर हे काय बोलले. मग दोघांमध्ये भिंत. भिंत यांनीच बांधली होती.

मग ते थांबले. रुमालानं मान पुसली आणि पहिल्यांदाच खोलीकडे नीट बघितलं, पिवळ्या भिंतीकडे, रोपाकडे, माझ्या खुर्चीकडे. म्हणाले, "ऑफिस तर तुम्ही मस्त केलंय, ताई. मन लागून गेलं का तुमचं इथे?"

सहा महिन्यांत मला सगळ्यांनी विचारलं होतं, सेट झालात का, घर लावून झालं का, उन्हाळा सोसतो का. हे कुणी विचारलं नव्हतं. अजितनंसुद्धा नाही. तुम्हीही नाही, मैत्रिणींनो. आमच्या शास्त्रात अशा वेळी काय करायचं ते पक्कं ठरलेलं आहे. स्वतःबद्दल बोलायचं नाही, प्रश्न हळूच समोरच्याकडे वळवायचा. मी तोंड उघडलं ते वळवायलाच, आणि निघालं भलतंच.

"नाही," मी म्हटलं. "नाही लागत, काका."

त्यांनी मान हलवली. सल्ला दिला नाही, लागेल म्हणाले नाहीत. "माझं पण नाही लागत," ते म्हणाले. "आपल्याच घरात." आणि मांडीवरची फाईल उचलून खाली फरशीवर ठेवली आणि खुर्चीला टेकून बसले.

आता ते दर मंगळवारी चारला येतात. टाकी अजून वाहते. बबलूशी बोलणं अजून झालेलं नाही, तेव्हा हिंदीतलं समाधान नाही, आणि मराठीतलं म्हणाल, तर त्यालाही वेळ आहे. पाटीमुळे वशीकरणवाले अजून येतात आणि माझं डोकं अजून फिरतं, पण आता आधी बस म्हणते, पाणी देते, आणि मग फिरू देते. त्यातल्या दोघीजणी टिकल्या आहेत. कूलरवर मात्र काही तोडगा नाही.

तुम्ही विचारलंत, दिवाळीला घरी कधी येतेस. तिकीट बघायला बसले होते. अजितनं विचारलं, मंगळवारच्या गाडीला जागा आहे, काढू का? आणि मी विचारसुद्धा न करता म्हटलं, "मंगळवारी कशी जाईन? मंगळवारी मी इथं लागते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. बुधवारचं काढलंय.